राजाची एक उडी

श्रीरामपूर
६ नोव्हेंबर २०२४

श्री. सूर्यभान लगड यांस,
जय भीम आणि नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुम्ही माझ्या गाडीतून प्रवास केलाय. मी भारती कचरू साळवे, श्रीरामपूर डेपोत कंडक्टर आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही आमच्या गाडीने नगरला गेलात. सोबतच्या काकूंना पायऱ्या उतरता येत नव्हत्या म्हणून ड्रायव्हर सचिनने आणि मी त्यांना धरून खाली घेतलं होतं. गाडी रिकामी झाल्यावर अकरा नंबरच्या सीटवर खाकी कव्हर घातलेली एक वही सापडली. तिच्यावर तुमचं नाव आणि श्रीगोंद्याचा पत्ता आहे.

नियमाप्रमाणे वही कंट्रोलरकडे जमा केली. पत्ता असल्यामुळे पाठवायचं काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं, आणि मी नको ते केलं. वही उघडली. ग्रँडमास्टर बार्तोश यांचे चाळीस डाव, सगळे हाताने उतरवलेले, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानावर पटाच्या चौसष्ट घरांची नावं, त्यामुळे चाली लागायला वेळ लागला नाही. समासात पेन्सिलने प्रश्न आहेत: ‘इथे घोडा का दिला?’, ‘हा उंट मागे का?’ ते वाचल्यावर वही पाकिटात घालवेना. मी लहानपणापासून बुद्धिबळ खेळते. वडील, कचरू साळवे, रेल्वेत गँगमन होते, त्यांनी शिकवलं. डेपोच्या विश्रांतीगृहात माझ्यासमोर बसायला लोक आता टाळाटाळ करतात.

तर एक नम्रपणे सांगायचं होतं. उतरवताना तुमच्याकडून चूक झाली आहे. पहिल्या डावात पांढऱ्याच्या चौथ्या चालीत नुसती दोन शून्यं आहेत. चाल वाचता आली नसावी म्हणून तुम्ही जागा सोडली असेल असं मला वाटलं. राजा अजून हललेला नव्हता, त्याला शहही लागला नव्हता, म्हणजे इथे त्याची उडी असणार हे उघड आहे. मी पेन्सिलने तसं लिहिलं. राजा घोड्यासारखी अडीच घरं उडून वजिराच्या प्याद्यापुढे जाऊन उभा राहिला. पण पुढच्याच चालीत तुम्ही त्याच घरात प्यादं घातलंय, जिथे राजा उभा आहे. म्हणजे तीही चूक. त्यापुढच्या आठ चाली मी माझ्या अकलेने सुधारल्या आहेत.

वही रजिस्टरने पाठवू का? उशिराबद्दल माफी असावी.

आपली,
भारती साळवे

---

श्रीगोंदा
१६ नोव्हेंबर २०२४

भारतीताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ते घरात मोठ्याने वाचलं गेलं, दोनदा.

ती दोन शून्यं चूक नाहीत. ती किल्लेकोटाची खूण आहे. राजा आपल्या ओळीतच बाजूला दोन घरं सरकतो आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्यावरून येऊन पलीकडे उभा राहतो. एका चालीत दोघे हलतात. आपल्याकडच्या जुन्या खेळात राजाला एकदा उडी असते, ती जगात इतरत्र चालत नाही. बार्तोशचा राजा तुम्ही भर चौकात नेऊन उभा केलात, पुढच्या चाली जुळतील कशा? असं आमच्याकडे सांगण्यात आलं आहे, म्हणजे मी सांगतो आहे.

वही पाठवू नका. तुमच्याकडेच राहू द्या. माझी एकच विनंती आहे. पंधरा दिवसांतून एकदा पत्र लिहा, कोणता डाव लावलात, काय कळलं, काय अडलं ते कळवा. समासातल्या प्रश्नांची उत्तरं सुचली तर तीही लिहा. फोन नको, मला फोनवर नीट ऐकू येत नाही.

आणि पहिल्या डावातली तुमची ती दुरुस्ती पुसू नका. कारण सवडीने सांगेन.

आपला,
सूर्यभान लगड
(निवृत्त कारकून, ऊसकाटा विभाग)

---

श्रीरामपूर
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचं पत्र विश्रांतीगृहात वाचलं आणि पाणी प्यायला उठून गेले. चाळीस डाव खेळलेल्या ग्रँडमास्टरची मी चूक काढली आणि वर नम्रपणे. सचिनने मोबाईलवर शोधून दाखवलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. आता तो मला गाडीत चढतानाच विचारतो, “म्याडम, आज राजा कुठं उतरनार?”

घरी दादांना, म्हणजे वडिलांना, किल्लेकोट करून दाखवला. त्यांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला.

“राजा हत्तीमागं लपतो व्हय?”

“दादा, नियम आहे तो.”

“आसंल. भित्र्यांचा आसंल. आमी न्हाई आसलं खेळलो.”

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी खेळले नाहीत.

पण काका, खरं सांगू? त्या किल्लेकोटापासूनच मला बार्तोशसाहेब कळायला लागले. इतकी वर्षं मी पहिल्या पाच चालींत वजीर काढायचे आणि धावत सुटायचे. हे साहेब घाई करत नाहीत. मधलं प्यादं, घोडा, उंट, मग राजा सुरक्षित. एक मोहरं दोनदा हलवत नाहीत, बाकीचे घरात बसलेले असताना. सगळे प्रवासी चढल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, हे मी पंधरा वर्षं करते आणि पटावर मात्र अर्धे लोक स्टँडवर सोडून गाडी पळवत होते. पहिले नऊ डाव लावून झाले. प्रत्येक डावात बाराव्या चालीपर्यंत काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग कळतं की सगळं तेव्हाच घडून गेलेलं असतं. एवढ्या शांतपणे जिंकणाऱ्या माणसाच्या मी प्रेमात पडले आहे असं समजा.

हे सगळं का चाललंय तेही सांगते. फेब्रुवारीत नगरला आमच्या विभागाच्या कर्मचारी स्पर्धा आहेत. मी बुद्धिबळाला नाव दिलंय. डेपोतले म्हणतात, बाईमाणूस म्हणून आम्हीच तुला जिंकू देतो. वर्षानुवर्षं हेच ऐकतेय. खरं काय ते मलाच कळेनासं झालंय. मला एकदा अनोळखी माणसाविरुद्ध, घड्याळ लावून, खऱ्या नियमांनी एक डाव जिंकायचा आहे. एकच पुरे. आणि पहिल्याच डावात राजा उडवून हसं झालं असतं, त्यातून तुम्ही मला वाचवलंत.

अडलेला प्रश्न. नवव्या डावात अठरावी चाल. दोन्हीकडचे हत्ती समोरासमोर, लढाई पेटलेली, आणि बार्तोशसाहेब राजापुढचं कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवतात. कुणाला धाक नाही, काही मारत नाही. समासात प्रश्नही आहे: ‘एवढी सवड कुठून आणली?’ मलाही तेच विचारायचंय.

तुमची विद्यार्थिनी,
भारती

---

श्रीगोंदा
१९ डिसेंबर २०२४

भारतीताई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. घरात आजारपण आहे आणि इथे एका उत्तराला दोन-दोन दिवस लागतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: घराला मागचं दार असावं. एवढंच. नऊ चाली पुढे जाऊन बघा. सगळी मोठी मोहरी एकमेकांत गुंतल्यावर बार्तोशचा उंट सरळ शेवटच्या ओळीत शिरतो आणि मात करतो, कारण समोरचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला आहे. बार्तोशच्या राजाला मात्र कोंडता येत नाही, कारण त्याने सवड असताना दार उघडून ठेवलं. सवड नसताना दार उघडता येत नाही.

तुमच्या वडिलांचं बोलणं वाचून इथे करमणूक झाली. त्यांना सांगा की भित्रा राजा नसतो, घाईचा खेळाडू असतो. हे माझं वाक्य नाही.

स्पर्धेची तारीख कळवा.

आपला,
सूर्यभान लगड

---

घोडेगाव स्टँड
२ जानेवारी २०२५

आदरणीय काका,
जय भीम. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

गाडी पंक्चर आहे आणि आज इथे जनावरांचा बाजार आहे. एक मामा शेळी घेऊन खिडकीशी उभे आहेत, शेळीचं तिकीट काढून ठेवा म्हणतात. तेवढ्या वेळात लिहिते.

मागच्या दाराचं उत्तर मी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलंय. पण एक सांगा, उंट सरळ कधीपासून चालायला लागला? तो हत्ती आहे. मी आधी गोंधळले, मग लक्षात आलं की तुम्ही माझी परीक्षा घेताय. शिकवणारे असं करतात. पकडलं मी तुम्हाला.

आणखी एक पकडलंय. मागच्या आठवड्यात उन्हात खिडकीशी पहिला डाव पुन्हा उघडला. त्या दोन शून्यांच्या खाली कागद खरवडलेला आहे. तिरका धरला तर जुनी पेन्सिल दिसते. तिथे आधी ‘राजा उडी’ असंच लिहिलेलं होतं, मग खोडून शून्यं घातली आहेत. दुसऱ्या डावात तेच, तिसऱ्यातही. काका, तुम्हीही तीच चूक केली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूने माझ्यासारखीच सुरुवात केली हे बघून मला काय वाटलं, सांगता येत नाही. मी ते पान दादांना दाखवलं. ते म्हणाले, “मानूस आपल्यातला दिसतोय.” त्या दिवशी ते किल्लेकोटाला तयार झाले. स्वतः करत नाहीत, पण मला करू देतात.

तुमचं पत्रातलं अक्षर मात्र वहीतल्यापेक्षा फारच वेगळं आहे. वय झाल्यावर अक्षर एवढं बदलतं का? राग मानू नका, कंडक्टरला तिकिटावरचा फेरफार बघायची सवय असते.

स्पर्धा आठ फेब्रुवारीला आहे. तुम्ही आलात तर मला फार बळ येईल.

तुमची,
भारती

---

श्रीगोंदा
१४ जानेवारी २०२५

भारतीताई,

तिळगूळ सोबत पाठवतो आहे. आता खरं लिहितो.

मला बुद्धिबळ येत नाही. उंट, हत्ती, घोडा, माझ्यासाठी सगळे लाकडाचे ठोकळे आहेत. ती वही माझ्या पत्नीची, बनुबाईची आहे. वर माझं नाव तिनेच घातलं, तेव्हा बायका तसंच करायच्या. तिचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. गिऱ्हाईक येईपर्यंत व्यापारी मातीत पट आखून खेळायचे, ती त्यांच्याशेजारी बसून शिकली. लग्नानंतर कारखान्याच्या ऑफिसर क्लबातून मी तिला बार्तोशच्या डावांचं एक पुस्तक आणून दिलं. कारकुनाला ते नऊ दिवसांसाठी मिळालं होतं, तेही ओळखीवर. नऊ दुपारींत तिने चाळीस डाव उतरवले. इंग्रजी अक्षरं ती त्यासाठी शिकली. मला ती पानं विणकामाच्या नमुन्यांसारखी दिसायची.

समासातले प्रश्न तिने मला विचारले होते. मी म्हणायचो, मला काय विचारतेस, तुझ्या ग्रँडमास्टरला विचार. म्हणून तिने ते तिथे लिहिले. आयुष्यभर तिच्यासमोर पटाला दुसरी बाजू नव्हती. दोन्हीकडून तीच खेळायची आणि मी शेजारी पेपर वाचायचो.

ऑगस्टमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आमची मुलगी आरती श्रीरामपूरला असते, तिच्याकडे राहून दवाखाना केला. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही समोर ठेवा. मी वही ठेवली. तिने तोंड फिरवलं. रोज ठेवायचो, रोज फिरवायची. परत येताना मी ती वही तुमच्या गाडीत विसरलो असं तुम्हाला वाटलं. मी विसरलो नव्हतो. घरात ती वही मला बघवेना, आणि फेकून द्यायचा धीर नव्हता, म्हणून सीटवर ठेवून उतरलो.

मग तुमचं पत्र आलं. सवयीने मोठ्याने वाचलं. राजा वजिराच्या प्याद्यापुढे जाऊन उभा राहिला, इथवर आलो आणि आवाज ऐकू आला. मला वाटलं ठसका लागला. बघतो तर ती हसत होती. अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीन महिन्यांत घरात तिचा पहिला आवाज. मी पुन्हा वाचलं, ती पुन्हा हसली. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. ते तुमच्या या पत्रातून कळलं, खोडलेल्या पेन्सिलीचं. मी तिला विचारलं. तिने मान हलवली.

तेव्हापासून पलंगावर पट असतो. मी तुमचं पत्र वाचतो, ती डाव्या हाताने मोहरी हलवते, मी घरं लिहून घेतो आणि चुकतो. मागच्या दाराचं उत्तर देताना तिने दाराकडे बोट केलं, मग प्याद्याकडे. ते समजायला मला दोन दिवस लागले. लाज वाटली म्हणून स्वतःच्या नावावर खपवत राहिलो. माफ करा.

तिला स्पर्धेला आणता येणार नाही. पण आठ तारखेपर्यंत काहीही अडलं तर लिहा. आणि स्पर्धा झाली म्हणून पत्र थांबवू नका, एवढी भीक घाला. तुमचं पत्र आलं की ती सकाळी स्वतः उठून बसायचा प्रयत्न करते.

सूर्यभान

---

श्रीरामपूर
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय बनुकाकू,
सप्रेम जय भीम.

हे पत्र तुम्हाला आहे. काकांनी नुसतं वाचून दाखवावं आणि उंट-हत्तीत ढवळाढवळ करू नये.

आधी राग सांगते, मग निकाल. तुम्हाला मी गाडीतून उतरवलं होतं. तुमचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मी पुढच्या थांब्याचा विचार करत होते. ज्या बाईची वही मी छातीशी धरून तीन महिने फिरले, तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. तो राग माझा माझ्यावर आहे. काकांवर नाही. ती वही माझ्याच गाडीत सोडल्याबद्दल त्यांना दंड लावायचा की आभार मानायचे, ते तुम्ही ठरवा.

आता नगर. पहिला डाव समोरचा माणूस आलाच नाही म्हणून मिळाला, तो मी धरत नाही. दुसऱ्या डावात वर्कशॉपचे एक मेकॅनिक होते. कधी पाहिलेले नाहीत, माझं नाव त्यांना ठाऊक नाही, जिंकू द्यायचं काही कारण नाही. माझ्याकडे पांढरी होती. मधलं प्यादं, घोडा, उंट, चौथ्या चालीला किल्लेकोट. राजाला हात लावताना उडी आठवली, पण तो आपल्या ओळीतच गेला.

मग हत्ती समोरासमोर आले, सगळं गुंतलं, आणि मला एक मोकळी चाल मिळाली. मारायला काही नव्हतं. मी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. मागे उभा असलेला एक जण हळूच म्हणाला, “म्याडमला काय सुचंना वाटतं.” मेकॅनिकही हसले. पाच-सहा चालींनंतर त्यांच्या वजिराने लांब जाऊन माझं कोपऱ्यातलं प्यादं खाल्लं. काकू, मी त्या प्याद्याकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या राजाकडे पाहिलं. तीन प्यादी जशीच्या तशी पुढे, मागे तो एकटा, राखायला वजीर होता तो आता दूर. माझा हत्ती शेवटच्या ओळीत गेला. मी “शह” म्हणाले. त्यांनी राजाभोवतालच्या एकेका घरावर बोट ठेवून पाहिलं, मग म्हणाले, “मात झाली की.” आणि उठून माझा हात हातात घेतला.

बार्तोशसाहेबांना मी कधी भेटणार नाही. पण ती चाल त्यांनी खेळली, तुम्ही उतरवली, तिच्यापुढे प्रश्न लिहिला, आणि इतक्या वर्षांनी पलंगावरून उत्तर दिलंत. त्या क्षणी माझ्या बाजूला तुम्ही दोघं बसला होतात असं मला वाटलं. एवढी मोठी माणसं माझ्यासारखीच्या पाठीशी उभी राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा डाव हरले. बरोबरीत होता, पण चाल केल्यावर घड्याळ दाबायचं विसरले. दिवसभर घंटी वाजवणारी बाई एक बटण दाबायला विसरली, यावर डेपोत महिनाभर हसतील. हसू देत. जिंकू देतो असं मात्र परवापासून कुणी म्हणालेलं नाही.

आता विनंती. तेवीस तारखेला माझी सुट्टी आहे. मी श्रीगोंद्याला येते, वही घेऊन. दादाही येतो म्हणतात, स्वतःचा पट घेऊन. त्यांना ती खोडलेली पेन्सिल कोणाची ते सांगितलं तर आपला पट पुसायला घेतला आणि म्हणाले, “त्या बाईसंगं येक डाव खेळायचाय. पर आपल्या खेळातला. उडीचा.” किल्लेकोटाशिवाय तुम्ही खेळाल का? नाही म्हणालात तरी आम्ही येणारच आहोत.

तुमची,
भारती

---

श्रीगोंदा
१७ फेब्रुवारी २०२५

भारतीताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, उंट-हत्तीत काहीही न बदलता. हे पोस्टकार्ड मी फक्त धरून ठेवलं होतं. खालची ओळ तिची आहे, डाव्या हाताने. सकाळी सुरू केली, जेवणाच्या वेळी संपली. तारीख पक्की समजा.

सूर्यभान

कचरूभाऊंना सांग. उडी एकदाच. — बनुबाई